कोब्यावरचा डाग

"ताई, ॲसिड मारून देतो. दहा मिनिटांचं काम आहे."

गेल्या महिन्यात नाशिकच्या घराला रंग देणारा मिस्त्री मला हे म्हणाला आणि मी "नको" म्हटलं. एवढ्याशा "नको" मुळे माझे अकरा दिवस, माझ्या दोन्ही ढोपरांची कातडी आणि माझ्या सख्ख्या भावाशी असलेलं बोलणं, हे सगळं काही काळ पणाला लागलं. आता सगळं (ढोपरांसकट) ठीक आहे. पण या अकरा दिवसांत डोक्यात जे काही घोळत होतं, ते लिहून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा प्रपंच.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं नाशिकचं घर बाबांनी १९८३ साली बांधलं. खाली तीन खोल्या, वर गच्ची आणि बाजूला एक गॅरेज. (मराठीत गॅरेज म्हटलं की आधी गाड्या दुरुस्त करायचं दुकानच डोळ्यांसमोर येतं. पण आमच्या घरातल्या या खोलीला दुसरं नावच नव्हतं, आणि दर रविवारी तिथे चालायचं तेही दुरुस्तीचंच काम!) बाबा २०२१ मध्ये गेले. आई माझ्याकडे ठाण्याला आली. घर बंद राहिलं. आता ते भाड्याने द्यायचं ठरलं आणि एक तरुण जोडपं मिळालं. गॅरेजमध्ये त्यांना लहान मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू करायचा आहे. घर त्यांना आवडलं. गॅरेजमध्ये शिरल्यावर मात्र ती मुलगी खाली बघून म्हणाली, "काकू, एवढं जरा..."

एवढं जरा म्हणजे कोब्याच्या बरोबर मध्यावर साधारण परातीएवढा काळाकुट्ट डाग. त्याच्याभोवती लहानमोठे दहाबारा ठिपके. बाबांची फियाट बावीस वर्षं तिथे उभी राहायची. १९८६ साली घेतली तीही सेकंडहँड, २००८ साली विकली. गाडी गेली, बाबा गेले, डाग राहिला.

आता दादाचं म्हणणं. दादा अमेरिकेत असतो. फोनवर म्हणाला, "अगं, रंगवाल्याला सांग, तो करेल. नाहीतर वरून इपॉक्सी मारून टाक. तू कशाला बसतेस घासत?" त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं, हे आधीच कबूल करते. माणसाच्या वेळेला किंमत असते. पण ॲसिडला माझा विरोध का, ते सांगते. त्यात दोन गोष्टी आहेत. एक शास्त्राची आणि एक माणसाची.

शास्त्राची आधी. सिमेंटचा कोबा दिसतो दगडासारखा, पण असतो जाळीदार. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवून कोबा घातला की जास्तीचं पाणी हळूहळू उडून जातं आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रं उरतात. दिव्याची वात जशी तेल ओढते तशी ही छिद्रं इंजिन ऑइल आत ओढून घेतात. म्हणजे आपल्याला जो डाग दिसतो तो नुसता वरचा चेहरा. बाकीचा मुक्काम आत.

ॲसिड काय करतं? ते सिमेंटमधल्या चुन्यावर तुटून पडतं. फेस येतो, धूर निघतो, आपल्याला वाटतं काहीतरी जोरदार चाललं आहे. पण तेलाला ॲसिड काहीही करत नाही. ते खातं सिमेंटला. म्हणजे डाग असलेला थर थोडासा झिजतो, जरा फिका दिसतो, आणि खालचं तेल जिथल्या तिथे. शिवाय तेलाने माखलेल्या जागी ॲसिड धड पोचतच नाही, म्हणून आजूबाजूचा चांगला कोबा आधी खाल्ला जातो. पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढच्या वेळी तेल सांडलं तर ते आणखी लवकर आत शिरतं. रोग तसाच ठेवून रोग्याची कातडी सोलण्याचा प्रकार!

इपॉक्सीचंही तेच. खाली तेल असताना वर रंग मारला तर तो कोब्याला नीट धरत नाही. महिना दोन महिने छान दिसतो, मग पापुद्रे निघायला लागतात.

आता माणसाची गोष्ट. आमच्याकडे एकदा ॲसिड मारलं गेलं आहे. १९९४ किंवा ९५ असेल. मागच्या अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरलं होतं म्हणून आईने दारावर आलेल्या एका माणसाकडून 'ॲसिडने धुऊन' घेतली होती. तो माणूस अनवाणी होता. हातात प्लास्टिकचा कॅन आणि एक खराटा, बास. संध्याकाळी तो पैसे घ्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटली होती. आईने घाबरून त्याचे पाय नळाखाली धरायला लावले, खोबरेल तेल दिलं, दहा रुपये जास्त दिले. तो म्हणाला, "रोजचंच आहे बाई." आई अजूनही हे सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. फरशी मात्र लख्ख झाली होती.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्याने नोंद ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, अठरा वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही वगैरे. त्यामागचं कारण वेगळं आणि फार भयंकर होतं, ॲसिडहल्ल्यांचं. पण मला नेहमी वाटतं की आपल्या घरातल्या 'दहा मिनिटांच्या कामा'साठी ज्याचे हातपाय जळतात त्याची दखल आपण घरातल्यांनीच घ्यायला हवी, त्यासाठी कोर्टाची वाट बघू नये. जे काम मी हातमोजे, बूट आणि चष्मा घातल्याशिवाय करणार नाही, ते दुसऱ्याला उघड्या हातांनी करायला सांगण्याचा मला काय हक्क? माझं पहिलं मत हे. डाग आपला आहे, तर त्याची किंमत दुसऱ्याच्या कातडीने चुकवू नये.

मिस्त्रीला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. "मग काय करणार?" म्हणाला. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं :)

मग शिकत शिकत केलं. ज्यांच्याकडे असा डाग असेल त्यांच्यासाठी क्रमाने सांगते, कारण यात क्रमालाच महत्त्व आहे.

तेल नुकतंच सांडलेलं असेल तर आधी पाणी ओतू नका. फडक्याने पुसूही नका, त्याने ते पसरतं आणि आत रेटलं जातं. वर लाकडाचा भुसा, राख किंवा मुलतानी माती टाका, बुटाने हलकेच रगडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी झाडून घ्या. निम्मं काम तिथेच होतं. आमचा डाग चाळीस वर्षांचा, त्यामुळे आमच्या नशिबी हे नव्हतं. मी आधी रंगवाल्याकडून लांबी लावायची पट्टी घेतली आणि वरचा चिकट थर (तेल अधिक धूळ अधिक काळ!) खरवडून काढला. वाटीभर निघाला.

मग धुण्याचा सोडा आणि कपडे धुवायची पावडर, दोन्ही गरम पाण्यात कालवून दाट लगदा केला आणि डागावर थापला. वीस पंचवीस मिनिटं ठेवून काथ्याच्या ब्रशने घासलं. तारेचा ब्रश वापरू नये, त्याचे कण कोब्यात अडकतात आणि नंतर गंजून तांबडे ठिपके उठतात, म्हणजे एका डागाचे शंभर. इथे एक गंमत कळली. स्वयंपाकाच्या तेलाचा सोड्याशी संयोग होऊन साबण तयार होतो, म्हणून तेलकट कढईला नुसता सोडाही चालतो. इंजिन ऑइल खनिज तेल आहे, त्याचा साबण होत नाही. ते नुसतं सोड्याला दाद देत नाही. त्याला सुटं करून पाण्यात तरंगवायला डिटर्जंटच लागतो, सोडा त्याला मदत करतो इतकंच. चार वेळा केलं. परात काळ्याची राखाडी झाली. त्यापुढे हलेना.

मग पोटीस. हो, पोटीसच! लहानपणी गळू झालं की आजी अळशीचं गरम पोटीस बांधायची, आतलं बाहेर ओढून काढायला. कोब्यालाही तेच करतात. रंगाच्या दुकानातून खडूची पावडर आणली, टर्पेंटाइनमध्ये कालवून श्रीखंडाइतकी घट्ट केली आणि डागाच्या कडेच्याही थोडी बाहेरपर्यंत बोटभर जाडीचा थर दिला. वर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. एक दिवस झाकून ठेवायचं. त्यात टर्पेंटाइन आतल्या तेलाला पातळ करतं. मग प्लास्टिक काढून थर उघड्यावर वाळू द्यायचा. वाळता वाळता पावडर ते तेल वर शोषून घेते. दारं खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या आणि काडी, विडी, गॅस काहीही जवळ नाही. (पेट्रोल वापरायचा सल्ला मला दोघांनी दिला. कृपा करून वापरू नका. त्याच्या वाफेला लांबची ठिणगीही पुरते, शिवाय ते तेलाला पातळ करून आणखी खोल नेतं.) दुसऱ्या दिवशी पांढरी पावडर नाचणीच्या सत्त्वासारखी तपकिरी झालेली बघून मला जो आनंद झाला तो माझ्या पहिल्या पगारालाही झाला नव्हता. असं तीनदा केलं.

आणि आता दुसरं मत. गढूळ पाणी कुठे जातं?

मिस्त्रीने पहिल्याच दिवशी नळी लावून सगळं फाटकाबाहेर लोटायची तयारी केली होती. आमच्या फाटकाबाहेर पावसाळी गटार आहे. बहुतेक जणांची समजूत असते की गटार म्हणजे गटार, पुढे कुठेतरी शुद्ध होत असेल. पावसाळी गटारातलं पाणी सहसा शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही, ते थेट नाल्याला आणि नाल्यातून नदीला मिळतं. आमच्याकडे नदी म्हणजे गोदावरी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एक वाक्य दादानेच मला एकदा सांगितलं होतं, की गाडीचं ऑइल एकदा बदलताना निघालेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. म्हणजे जवळजवळ अडतीस लाख लिटर! ज्या नदीत आपण कुंभाला डुबकी मारायला गर्दी करतो, तिच्यात वर्षभर फाटकातून काय सोडतो ते कुणी बघत नाही.

म्हणून मी नळी लावलीच नाही. प्रत्येक वेळी गढूळ पाण्यावर भुसा टाकला, तो पाणी प्यायला की सुपलीने भरला. खरवडलेली पावडर उघड्यावर नीट वाळवली. सगळं दोन जाड पिशव्यांत घट्ट बांधलं, वर 'तेलाचा कचरा' असं लिहून घंटागाडीवर वेगळं सांगून दिलं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातला घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितला होताच. घंटागाडीवरच्या मावशींनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. असो. मी माझ्या परीने केलं.

इतकं सगळं दादाला फोनवर उत्साहाने सांगितलं तर तो वैतागला. "एका डागासाठी अकरा दिवस? बाबांच्या आजारपणातही तू अशीच. नको तिथे जीव काढायचास."

हे लागलं. मी फोन ठेवला. नंतर तीन दिवस आम्ही बोललो नाही.

त्या तीन दिवसांत मी गॅरेजमध्ये एकटी बसून घासत होते आणि बाबांचा पुठ्ठा आठवत होता.

आमच्या घरातल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. बाबा रोज रात्री फियाटच्या खाली एक पुठ्ठा सरकवायचे. सकाळी दाढी करण्याआधी तो बाहेर ओढून उजेडात धरायचे. "आज चार थेंब." "आज सहा. सील बघायला हवं." आम्हाला हसू यायचं. आईला राग यायचा, कारण पुठ्ठ्याच्या बाहेर पडलेला थेंब शेवटी तिच्या कोब्यावर. पण बाबांचं म्हणणं असं की गाडी बोलू शकत नाही, ती थेंबांनी बोलते. काळपट तपकिरी असेल तर इंजिनचं. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरचं. हिरवट असेल तर रेडिएटरमधलं कूलंट. आणि चाकाजवळ पातळ, पिवळसर, बोटाला निसरडं लागलं तर थांबायचं. ते ब्रेकचं.

१९९१ च्या मे महिन्यात मावशीच्या मुलीचं लग्न मुंबईला होतं. पहाटे पाचला निघायचं. डबे भरलेले, आई पैठणी नेसून तयार, आम्ही दोघं मागच्या सीटवर जागेसाठी भांडत. बाबांनी बॅटरी घेऊन पुठ्ठा काढला आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बराच वेळ बघत राहिले. बोट लावलं, वास घेतला. मग गाडीत बसून पेडल दाबलं. ते नेहमीपेक्षा खाली गेलं. "उतरा," म्हणाले. आम्ही एसटीने गेलो. आई दिवसभर फुगलेली, पैठणीची इस्त्री गेली म्हणून. परत आल्यावर गॅरेजवाल्याने चाक उघडलं तर व्हील सिलिंडरचं रबर फाटलेलं. त्या दिवशी कसारा घाट उतरताना काय झालं असतं, हे बाबा एकदाही बोलले नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही.

मला त्या तीन दिवसांत एकच गोष्ट सारखी वाटत होती. समजा आईने आदल्या संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून गॅरेज लख्ख धुऊन घेतलं असतं तर? समजा पुठ्ठा फेकून दिला असता तर?

माझं तिसरं मत तेच आहे, आणि खरं म्हणजे हा सगळा मजकूर त्याच्यासाठीच आहे. डाग ही आधी बातमी असते, नंतर घाण. आपण नेमकं उलटं करतो. डाग दिसला की पहिला हात फडक्याकडे जातो. तो कुठून आला, कधीपासून पडतोय, कालच्यापेक्षा मोठा आहे का, हे बघायच्या आतच आपण तो पुसून टाकलेला असतो, आणि पुसल्यावर वाटतं की प्रश्न सुटला. गळती तशीच चालू असते, आपण फक्त ती दिसणं बंद केलेलं असतं.

हे मी गाडीबद्दल बोलत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

२०१५ च्या दिवाळीत दादा आला होता. जायच्या आदल्या रात्री त्याने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "बाबा एकच गोष्ट दोनदोनदा सांगतायत का गं?" मी म्हटलं, "वय झालं आता. तू वर्षातून एकदा येतोस म्हणून तुला वाटतं." तो गप्प बसला. त्यानंतर पेपरवाल्याला बाबांनी एकाच महिन्याचं बिल दोनदा दिलं. मी पेपरवाल्याशी बोलून पैसे परत घेतले, बाबांना कळूही दिलं नाही. गॅस चालू राहिला, मी शेगडी बदलली. रोजच्या रस्त्यावरून फिरायला गेलेले बाबा दोन तासांनी रिक्षातून परत आले, शेजारच्या काकांनी आणून सोडलं. मी काकांना म्हटलं, "ऊन लागलं असेल." एकेक थेंब पडत होता आणि मी ठाण्याहून दर शनिवार-रविवारी येऊन तो स्वच्छ पुसत होते. इतका स्वच्छ, की फोनवर दादाला सांगायला माझ्याकडे काहीच उरायचं नाही. "सगळं ठीक आहे," मी म्हणायचे. आणि ते मला खरंच वाटायचं.

डॉक्टरांनी नाव घेतलं ते २०१८ मध्ये. स्मृतिभ्रंश. तोपर्यंत बराच पुढे गेला होता.

मला माहीत आहे की तीन वर्षं आधी कळलं असतं तरी बहुतेक वेळा हा आजार बरा होत नाही. पण विस्मरणामागे कधी कधी बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडसारखं उपचार करता येण्याजोगं कारणही असतं, म्हणून लवकर तपासायचं असतं. आणि ते नसलं, तरी वेळ मिळतो. बँकेची कागदपत्रं बाबांच्या स्वतःच्या सहीने मार्गी लागली असती. त्यांना काय हवं, काय नको ते त्यांना विचारता आलं असतं. दादा एक महिना रजा काढून आला असता, बाबा त्याला नावाने हाक मारत होते तेव्हा. २०१९ मध्ये तो आला तेव्हा बाबांनी त्याला "तुम्ही कुठले?" असं विचारलं.

गाडीच्या प्रत्येक थेंबाला नाव असलेला माणूस, आणि त्याचेच थेंब वाचायला घरात कुणी नव्हतं. कुणी नव्हतं असं म्हणणंही खोटंच. एकाने वाचला होता. मी पुसला.

दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. फोनवर हे नीट बोलता आलं नसतं म्हणून इथे लिहिते. त्या दिवाळीत तुझं बरोबर होतं. जवळ राहणाऱ्याला जास्त कळतं असं मी धरून चालले. पण रोज बघणाऱ्याला डाग वाढताना दिसत नाही, हेही तितकंच खरं. लांबून वर्षातून एकदा बघणाऱ्याला तो चटकन दिसतो. मी तुला गप्प केलं. त्याबद्दल मला माफ कर. आणि अकरा दिवसांबद्दलही तुझं थोडंफार बरोबर आहे :) पण ॲसिड आणि इपॉक्सीबद्दल माझंच बरोबर आहे, ते मी सोडणार नाही.

आता डागाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते.

तिसऱ्या पोटिसानंतर मी कोब्यावर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून बघितले. पाणी लगेच मुरलं तर तिथलं तेल निघालं, मोत्यासारखं वर उभं राहिलं तर अजून आत आहे, अशी ही साधी परीक्षा. सगळीकडे मुरलं, फक्त मधल्या बशीएवढ्या जागेत थेंब उभा राहिला. म्हणजे शंभर टक्के काही निघालं नाही. सावलीसारखं काहीतरी आहे, नीट बघितलं तरच दिसतं.

मला ते बरं वाटलं होतं. म्हटलं, बाबांची एवढी तरी खूण राहू दे. ठाण्याला येऊन आईला फोटो दाखवला आणि हेच म्हटलं. आईने चष्मा लावून फोटो जवळ धरला आणि म्हणाली, "खूण? त्या डागापायी बावीस वर्षं भांडले मी त्यांच्याशी. खूणच हवी तर फोटो आहे की भिंतीवर. आणखी एक पोटीस लाव आणि काढ तो." :)

म्हणजे पुढच्या शनिवारी पुन्हा नाशिक.

भाडेकरू मुलीला मी सगळं खरं सांगितलं. डाग कशाचा, काय काय लावलं, किती उरला आहे. तिच्याकडे विजेवरची स्कूटर आहे, तिच्यात इंजिन ऑइल नसतंच, त्यामुळे नवे थेंब पडायचा प्रश्न नाही. तिने विचारलं, कोपऱ्यात जुना पुठ्ठा आहे तो टाकून देऊ का? मी म्हटलं, नको, तो मी घेऊन जाते. तो आता ठाण्याला आमच्या गाडीखाली असतो. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी तो बाहेर ओढून बघते. सोसायटीचा वॉचमन हसतो. परवा दोन थेंब होते, रंगहीन. बोट लावून पाहिलं, नुसतं पाणी होतं, एसीचं.

आणि हल्ली आईशी बोलताना मी एक वही जवळ ठेवते. ती एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागली की मी तिला अडवत नाही, "हो हो, सांगितलंस" असंही म्हणत नाही. फक्त तारीख लिहून ठेवते आणि रविवारी दादाला सांगते. आतापर्यंत वहीत तीनच नोंदी आहेत, आणि त्यातली एक त्या पैठणीच्या इस्त्रीची, जी ती गेली तीस वर्षं सांगतेच आहे. ती धरायची का नाही, यावर आमच्या दोघांत अजून एकमत झालेलं नाही.